जहाज ना नारळावर तरंगते, ना बकऱ्यावर

गेल्या महिन्यात एका रात्री भाच्याचा फोन आला. तो मुंबईतल्या एका गोदीत वेल्डिंगचे काम करतो. ज्या जहाजाचे पत्रे त्याने दीड-दोन वर्षे जोडले, ते जहाज दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरणार होते.

“मामू, उद्या मोठा कार्यक्रम आहे. नारळ फोडणार, मंत्र म्हणणार. आम्हा सगळ्यांना तिथे उभं राहायचंय. दोस्तांच्या ग्रुपवर एकाने टाकलंय, तिथे उभं राहणं म्हणजे शिर्क. सुट्टी टाकू का?”

मी विचारले, “जहाज कोणी बांधलं?”

“आम्ही.”

“मग तू केलेल्या कामाच्या दिवशी तू घरी का बसणार?”

तो हसला, फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेला. पण मला वाटत राहिले की हे उत्तर अर्धेच झाले. हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. कुणाच्या कारखान्यात दसऱ्याला यंत्रांची पूजा असते, कुणाच्या ऑफिसच्या नव्या इमारतीचे भूमिपूजन असते. तुमच्यापैकी अनेकांना हा प्रश्न पडतो, आणि मोबाईलवर त्याचे उत्तर दोनच प्रकारचे मिळते. एक सांगतो, तिथून पळ. दुसरा सांगतो, गप्प बस, विचार करू नकोस. मी आलिम नाही, फतवा देण्याचा मला अधिकार नाही. एक नागरिक आणि एक मुसलमान म्हणून विचार करून काय दिसते, ते सांगतो. जहाजांचेच उदाहरण घेऊ, कारण जहाज पाण्यात सोडण्याइतके रूढींनी वेढलेले काम जगात क्वचितच सापडेल.

जलावतरण म्हणजे नेमके काय?

जलावतरण म्हणजे जहाज तयार झाले, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्या दिवशी पाण्यात उतरते ते बहुधा जहाजाचे धड. आतली यंत्रे, तारा, शस्त्रे यांचे कितीतरी काम बाकी असते. आपल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेचेच पाहा. कोचीच्या गोदीत तिची कील, म्हणजे तळाचा कणा, फेब्रुवारी २००९ मध्ये बसवली गेली. जलावतरणाचा समारंभ १२ ऑगस्ट २०१३ ला झाला. ती नौदलात दाखल झाली २ सप्टेंबर २०२२ ला. समारंभ एका सकाळचा, आणि त्यानंतरचे काम नऊ वर्षांचे!

जहाज पाण्यात उतरवण्याच्या मुख्य रीती दोन. जुनी रीत स्लिपवेची. उतरत्या फळ्यांवर जहाज बांधायचे, फळ्यांना वंगण लावायचे, आणि शेवटचा अडसर काढला की जहाज स्वतःच्या वजनाने घसरत पाण्यात जाते, बहुधा मागची बाजू आधी. हा क्षण खरोखर धोक्याचा असतो. मागची बाजू पाण्याने उचलली जाते, पुढची अजून फळ्यांवर असते, आणि मोठा भार नाळेखालच्या थोड्याशा जागेवर येतो. उतार कमी पडला तर जहाज मध्येच अडकते. जास्त झाला तर समोरच्या काठावर जाऊन आदळू शकते. दुसरी रीत सुक्या गोदीची. गोदीतच जहाज बांधायचे आणि मग दरवाजे उघडून पाणी आत घ्यायचे. जहाज हळूहळू उचलले जाते.

‘विक्रांत’ दुसऱ्या रीतीने पाण्यात आली. आणि गंमत अशी, की ती डिसेंबर २०११ मध्येच गोदीतून तरंगत बाहेर काढण्यात आली होती. समारंभ झाला त्यानंतर दीड वर्षाने. ब्रिटनच्या ‘क्वीन एलिझाबेथ’ या विमानवाहू नौकेचे उलटे झाले. ४ जुलै २०१४ ला राणीच्या हस्ते नामकरण झाले आणि जहाज तरंगले त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी. म्हणजे समारंभ आधी होवो वा नंतर, जहाज तरंगण्याचे कारण वेगळे आहे. आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारता आले की ते तरंगते.

प्रत्येकाचा नारळ वेगळा

भारतीय नौदलात जलावतरणाच्या वेळी अथर्ववेदातील मंत्र म्हटले जातात आणि नाळेवर नारळ वाढवला जातो. हा मान सहसा प्रमुख पाहुण्यांच्या पत्नीला मिळतो. २६ जुलै २००९ ला विशाखापट्टणमला ‘अरिहंत’ या अणुपाणबुडीवर नारळ फोडला गुरशरण कौर यांनी. त्या शीख. ‘विक्रांत’चे जलावतरण झाले एलिझाबेथ अँटनी यांच्या हस्ते. त्या ख्रिस्ती. माझगावला जानेवारी २०१७ मध्ये ‘खांदेरी’ पाणबुडीचे जलावतरण आपल्या धुळ्याच्या बीना भामरे यांच्या हस्ते झाले. यातल्या कुणाचा धर्म त्या दिवशी बदलला नाही.

आता इतरांकडे पाहा. इंग्लंडमध्ये पूर्वी मौल्यवान धातूच्या पेल्यातून मद्याचा घोट घेत, उरलेले डेकवर शिंपडत, आणि पेला समुद्रात फेकून देत. जहाजे वाढली तसा हा खर्च परवडेना, म्हणून सतराव्या शतकाच्या अखेरीस पेल्याच्या जागी बाटली आली. आज ज्याला आपण प्राचीन परंपरा समजतो, तिच्यामागे खर्च वाचवण्याचा व्यवहार आहे. अमेरिकेत दारूबंदीच्या काळात बाटलीत पाणी भरले गेले. ‘क्वीन एलिझाबेथ’च्या वेळी शॅम्पेनऐवजी स्कॉटिश व्हिस्की होती, कारण जहाज स्कॉटलंडमध्ये बांधले होते.

उस्मानी तुर्कांच्या गोदीत जहाज पाण्यात सोडताना दुआ होई, मेंढ्यांची कुर्बानी दिली जाई आणि जेवणावळी उठत.

आणि आपली मुंबई? वाडिया घराण्याच्या पारशी कारागिरांनी मुंबईच्या गोदीत ब्रिटिश नौदलासाठी मोठमोठी जहाजे बांधली. ‘ट्रिंकोमाली’ या जहाजाचे काम मे १८१६ मध्ये सुरू झाले, तेव्हा जरथुस्त्री रीतीप्रमाणे तिच्या कीलमध्ये कोरीव चांदीचा खिळा ठोकण्यात आला. जहाजाचे भले व्हावे म्हणून हा खिळा आवश्यक मानला जाई. १२ ऑक्टोबर १८१७ ला ती पाण्यात उतरली आणि आज दोनशेहून अधिक वर्षांनी इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. श्रद्धाळू माणूस म्हणेल, खिळ्याचा प्रताप. सुतार म्हणेल, सागवानाचा. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असते, ते सहजी कुजत नाही. शिवाय हे जहाज पुढे जतन केले गेले, त्यासाठी माणसांनी पैसे आणि श्रम ओतले.

नारळ, मद्य, मेंढा, चांदीचा खिळा. चार समाज, चार उपाय, समुद्र मात्र एकच. यातला एक जरी उपाय जहाजासाठी खरोखर आवश्यक असता, तर बाकी तिघांची जहाजे बंदराबाहेर पडण्याआधीच बुडाली असती.

हिशेब मांडून पाहू

तरीही लोक म्हणतात, “पण अमक्या जहाजाची बाटली फुटली नव्हती आणि बघा काय झालं!” तर मग हिशेबच मांडू.

अमेरिकेचे ‘कॉन्स्टिट्यूशन’ हे जहाज सप्टेंबर १७९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन अॅडम्स यांच्या उपस्थितीत पाण्यात सोडायला घेतले. ते २७ फूट सरकले आणि थांबले. दोन दिवसांनी पुन्हा प्रयत्न झाला, आणखी ३१ फूट सरकले आणि पुन्हा थांबले. याहून मोठा अपशकुन तो कोणता? पण गोदीतल्या माणसांनी शकुन पाहिला नाही, फळ्या पाहिल्या. स्लिपवे दुरुस्त केला आणि २१ ऑक्टोबरला जहाज पाण्यात गेले. ते आजही बोस्टनमध्ये तरंगते आहे आणि आजही अमेरिकी नौदलाच्या यादीत आहे.

२१ जून १८९८ ला लंडनमध्ये थेम्सकाठी ‘अल्बियन’ या युद्धनौकेचे जलावतरण झाले. पुढे राणी मेरी झालेल्या डचेस ऑफ यॉर्क यांनी बाटली मारली, पुन्हा मारली, फुटेना. अखेर जहाज घसरले, अरुंद खाडीत पाण्याची लाट उसळली, आणि जवळच्या तात्पुरत्या लाकडी पुलावर उभे असलेले प्रेक्षक पाण्यात फेकले गेले. तीसहून अधिक माणसे बुडाली. त्यांत बायका होत्या, लहान मुले होती. बाटलीला दोष देणे सोपे आहे. पण माणसे मेली ती लाट कुठवर येईल याचा विचार न करता गर्दी तिथे उभी राहू दिली म्हणून. ज्या जहाजाला ‘अपशकुनी’ म्हणायचे, ते पहिल्या महायुद्धातून सुखरूप आले आणि शेवटी भंगारात गेले. बाटलीचा शाप खराच असता तर तो जहाजाला सोडून काठावरच्या पोरांना का लागावा?

‘ॲरिझोना’ या अमेरिकी युद्धनौकेवर १९ जून १९१५ ला दोन बाटल्या फुटल्या. एक मद्याची आणि एक त्या राज्यातल्या धरणाच्या पाण्याची, कारण राज्यात दारूबंदी लागू झाली होती. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरमध्ये जपानी हल्ल्यात ती बुडाली, १,१७७ माणसे मेली. मग कुणी म्हटले, पाण्याची बाटली भोवली. मधली २६ वर्षे ती तरंगत राहिली, ती कुणाच्या खात्यात टाकायची? आणि त्या सकाळी तिच्या शेजारी ज्या इतर नौकांवर बॉम्ब पडले, त्यांच्यावर कोणती बाटली फुटली होती, हे कुणी विचारले का?

युद्धनौकांबाहेरचे एक उदाहरण देतो, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे. ‘टायटॅनिक’वर बाटली फोडलीच नव्हती, म्हणून ती बुडाली, असे अजूनही सांगितले जाते. तिच्या कंपनीत बाटली फोडण्याची रीतच नव्हती. त्याच कंपनीची, त्याच गोदीत बांधलेली तिची थोरली बहीण ‘ऑलिंपिक’ १९११ पासून १९३५ पर्यंत अटलांटिकवर ये-जा करत राहिली. तिच्यावरही बाटली फुटली नव्हती. तिचे नाव मात्र फारसे कुणाला आठवत नाही. अंधश्रद्धा टिकते ती अशी. जे जुळले ते लक्षात ठेवायचे, जे जुळले नाही ते विसरून जायचे.

शुक्रवार त्यांचा, सफर आपला

युरोपातल्या खलाशांमध्ये शुक्रवार अशुभ मानला जाई. त्या दिवशी प्रवास सुरू करायचा नाही. यावरून एक गोष्ट सांगितली जाते, की हा समज मोडण्यासाठी ब्रिटिश नौदलाने ‘फ्रायडे’ नावाचे जहाज बांधले. शुक्रवारी कील घातली, शुक्रवारी पाण्यात सोडले, कप्तानाचे आडनावही फ्रायडे, आणि शुक्रवारी निघालेले ते जहाज पुन्हा कधी दिसले नाही. ऐकायला भारी आहे, पण असे जहाज ब्रिटिश नौदलात कधी नव्हतेच. निव्वळ रचलेली कथा.

हे वाचून आपल्याला हसू येते. आपल्यासाठी शुक्रवार म्हणजे जुम्मा, आठवड्यातला सर्वांत मुबारक दिवस. एकाच दिवसाला एक समाज अशुभ म्हणतो आणि दुसरा मुबारक, आणि समुद्राला दोघांचीही खबर नसते.

पण हसून झाल्यावर जरा आपल्या घरात डोकावू. सफर महिन्याचे पहिले तेरा दिवस, ज्यांना आपल्याकडे ‘तेरा तेजी’ म्हणतात, त्यांत किती घरांत लग्न ठरवत नाहीत, नवा धंदा सुरू करत नाहीत? माझे नाना जहाजावर खलाशी होते. कंपनीचे जहाज काही आपला महिना पाहून निघत नसे. मग नाना काय करत? सफर लागायच्या आधीच घराचा उंबरठा ओलांडत आणि मुंबईत गावाच्या खोलीवर जाऊन राहत. जहाज तेरा तेजीत निघाले तरी चालेल, ‘घरातून तर आधीच निघालो होतो.’ नानीने दंडाला बांधलेला तावीज असे. लाइफ जॅकेट मात्र कंपनीचे. वादळात कशाचा पट्टा आधी चाचपला, असे एकदा मी विचारले. नाना बराच वेळ गालात हसत राहिले.

आपल्या गावी नवी होडी पाण्यात घालताना फातिहा होते, नियाज वाटली जाते, हिरवे निशाण लागते. बाजूच्या वाडीत कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात. दोघांची चिंता एकच असते, गेलेला माणूस परत यावा. आणि नारळी पौर्णिमेला एक व्यवहारही आहे. पावसाळ्याचा जोर ओसरायला लागला की दर्यात जायचे, हे शहाणपण त्या सणात साठवलेले आहे. आज सरकारचा १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीचा नियम जवळपास तेच सांगतो.

मुहूर्त ही फक्त हिंदूंची गोष्ट आहे, असेही समजू नका. उस्मानी दरबारात ‘मुनज्जिमबाशी’ म्हणजे प्रमुख ज्योतिषी हे पद होते. युद्ध कधी पुकारायचे आणि जहाज कोणत्या घटकेला पाण्यात सोडायचे, हे तो सांगे. त्याच इस्तंबूलमध्ये तकीउद्दीन या शास्त्रज्ञाने उभारलेली वेधशाळा १५८० मध्ये सुलतानाच्या हुकमाने पाडण्यात आली. आकाश मोजणारी वेधशाळा गेली आणि आकाशावरून मुहूर्त काढणारे पद पुढे जवळपास साडेतीनशे वर्षे टिकले. २० ऑक्टोबर १८२७ ला नवारिनोच्या लढाईत उस्मानी-इजिप्शियन आरमाराचा धुव्वा उडाला. समोरच्या ब्रिटिश सेनापतीचे जहाज होते ‘एशिया’, मुंबईच्या गोदीत पारशी कारागिरांनी बांधलेले. त्या दिवशी शुभ घटका कामी आली नाही. तोफा आणि त्या चालवण्याचे प्रशिक्षण कामी आले.

खरे तर या बाबतीत आपल्याला बाहेरून शिकण्याची गरज नव्हती. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला, त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, पैगंबरांच्या दुःखामुळे सूर्य झाकोळला. स्वतःची थोरवी वाढवणारी ही चर्चा होती, गप्प राहिले असते तरी चालले असते. पण त्यांनी तिथेच सांगितले की सूर्य-चंद्राला कुणाच्या जन्ममृत्यूमुळे ग्रहण लागत नाही. शकुन-अपशकुन नाकारणारी हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे, आणि तिच्यातल्या सफरच्या उल्लेखाचा अर्थ अनेक उलेमा ‘सफर महिना अशुभ नाही’ असाच लावतात. आणि उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला आधी उंट बांधायला सांगितले, ही हदीस तर आपल्या पोरांनाही पाठ असते. तवक्कुल म्हणजे दोरी न बांधण्याची सवलत नव्हे.

ऑगस्ट २०१३

या सगळ्यात खरा धोका कुठे आहे, ते समजून घ्यायला मला एक महिना पुरतो. ऑगस्ट २०१३.

१२ तारखेला कोचीला ‘विक्रांत’चे जलावतरण झाले. देशभर आनंद झाला. दोनच दिवसांनी, १३ आणि १४ ऑगस्टच्या दरम्यानच्या रात्री, मुंबईच्या नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’ या पाणबुडीवर स्फोट झाले. ती उभ्या जागी बुडाली आणि १८ नौसैनिक गेले. पुढच्या आठवड्यात, २० तारखेला, पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा गोळ्या घालून खून झाला. श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांत फरक करा, कारणे तपासा, एवढेच त्यांचे मागणे होते. त्यानंतर काही दिवसांतच महाराष्ट्र सरकारने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला आणि वर्षअखेर त्याचा कायदा झाला.

२६ फेब्रुवारी २०१४ ला मुंबईच्या समुद्रात ‘सिंधुरत्न’ पाणबुडीत धूर झाला आणि दोन अधिकारी मरण पावले. त्याच दिवशी नौदलप्रमुख अॅडमिरल डी. के. जोशी यांनी अपघातांची नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. त्यांनी ग्रहदशेकडे बोट दाखवले नाही. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईच्याच सुक्या गोदीतून बाहेर काढताना ‘बेतवा’ ही युद्धनौका आडवी झाली, दोन नौसैनिक गेले. अशा वेळी विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. आधार नीट बसवले होते का? भाराचा हिशेब कुणी केला? तपासणीवर सही कुणाची? “नजर लागली” असे म्हटले की यातला एकही प्रश्न विचारला जात नाही, कुणाचीही जबाबदारी ठरत नाही, आणि पुढचा अपघात तसाच होतो.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. एखादा विधी केला नाही तर जहाज बुडेल, अशी भीती मनात असेल तर ती अंधश्रद्धा. विधी केला म्हणून तपासणीत ढिलाई झाली तर तो गुन्हा. आणि हजारो हातांनी मिळून केलेले काम पुरे झाले म्हणून चार माणसे एकत्र जमली, कृतज्ञता व्यक्त केली, जाणाऱ्याला सुखरूप ये म्हणाली, तर ती परंपरा. ही कसोटी नारळाला लावा, बाटलीला लावा आणि आपल्या नव्या गाडीच्या आरशाला बांधलेल्या तावीजलाही लावा. फक्त दुसऱ्याच्या नारळाला लावली तर ती कसोटी राहत नाही, टोमणा होतो.

मग उभे राहायचे का?

राहायचे. ज्या जहाजावर तुमचा घाम पडला, त्याच्या दिवशी तुमची जागा तिथेच आहे. मंत्र तुमच्या अकीद्याचा भाग नसेल तर म्हणू नका. कुणी जबरदस्ती करत असेल तर सभ्यपणे नाही म्हणा. उभे राहून मनात आपली दुआ करा. शेजारचा सहकारी त्याच्या पद्धतीने तेच मागतो आहे, की या जहाजावरची पोरे घरी परत येवोत. त्याच्या श्रद्धेला हसू नका आणि आपल्या श्रद्धेबद्दल संकोचू नका.

मात्र उभे राहणे म्हणजे प्रश्न न विचारणे नव्हे. सर्वांच्या नौदलाच्या समारंभात एकाच परंपरेचे मंत्र का, हा प्रश्न नागरिक म्हणून विचारता येतो आणि मी तो विचारतो. काही मित्र म्हणतात, हा धर्म नाही, संस्कृती आहे. चालेल, मान्य करू. पण संस्कृती असेल तर ती बदलू शकते. पेल्याची बाटली झाली, मद्याचे पाणी झाले, व्हिस्की आली. मग आपल्याकडेही उद्या बदल का होऊ नये? हा मान दर वेळी कुणाची तरी ‘पत्नी’ म्हणूनच का मिळावा? प्रेरणा देवस्थळी यांच्यासारख्या अधिकाऱ्याने ‘त्रिंकट’ या युद्धनौकेची कमान सांभाळली आहे. मग एखादी अभियंता, एखादी नौदल अधिकारी, किंवा ज्या वेल्डरने पहिला पत्रा जोडला तो, यांच्या हातून जहाज पाण्यात का जाऊ नये? बांधकामात जीव गमावलेल्या कामगारांची नावे त्या वेळी का वाचली जाऊ नयेत?

हे प्रश्न आतून विचारले तर ऐकले जातात. घरी सुट्टी टाकून बसलेल्याचे कोण ऐकणार? आणि आपण या समुद्राला परके नाही. २०२२ मध्ये नौदलाला जो नवा ध्वज मिळाला, तो शिवरायांच्या मुद्रेवरून प्रेरणा घेऊन केलेला आहे. त्याच शिवरायांच्या आरमाराचा एक सरदार दौलतखान होता, आणि ज्या खांदेरीच्या नावाची पाणबुडी माझगावला पाण्यात उतरली, त्या खांदेरीसाठी १६७९ मध्ये तो इंग्रजांशी आणि सिद्दीशी लढला. संविधानाने वैज्ञानिक दृष्टिकोन हे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे ते सर्वांसाठी. आपल्याला त्यातून सूट मिळालेली नाही, आणि आपल्याला त्यातून वगळलेलेही नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी भाच्याने फोटो पाठवला. मला वाटले नारळाचा किंवा पाहुण्यांचा असेल. फोटोत होता जहाजाच्या बाजूचा रंगवलेला पत्रा आणि त्याला टेकलेले पाणी. मी विचारले, हे काय?

“याच्या खाली माझा जोड आहे मामू. एक्स-रे काढून पास झालेला. आता कुणाला दिसणार नाही.”

थोड्या वेळाने आणखी एक मेसेज आला. “आत जाऊन बघून आलो. कोरडं आहे. अल्हम्दुलिल्लाह.”